टॅगमधून थेट बिल: फोटो कॅटलॉग आणि इन्व्हॉइसची जोडणी

नमस्कार मंडळी. समोर बहुतेक जण लग्नाची कामं करणारे आहेत, म्हणून उदाहरणही लग्नाचंच घेऊ. पार्टीने सिलेक्शन दिलं की पॅकेजच्या वर किती फोटो गेले, रिटचिंग कशाकशाचं, कुठल्या साइझच्या किती प्रिंट, या खुणा, म्हणजे टॅग किंवा कीवर्ड, तुम्ही डिजिकॅम किंवा लाइटरूम या फोटो सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करताच. मग बिलाच्या वेळी तेच फोटो पुन्हा मोजून एक्सेलमध्ये आकडे भरता. पैसे बुडतात ते या दुसऱ्या मोजणीत. ती आपल्याला बंद करायची आहे: एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधले (फोटोंच्या नोंदवहीतले) टॅग वाचेल आणि त्यावरूनच बिल काढेल.

त्यासाठी एक गोष्ट आधी पक्की करा. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये दर कधीच लिहायचा नाही. तिथे फक्त काम लिहायचं: हा फोटो, बारा बाय अठरा, दोन प्रती. दर वेगळ्या रेटकार्डात, आणि त्यात 'कधीपासून लागू' हा रकाना हवाच. नाहीतर दिवाळीनंतर दर वाढवलेत की जूनमध्ये ठरलेल्या लग्नाचं बिलही नव्या दराने निघतं.

टॅगचं झाड असं करा. सगळ्यात वर 'बिल'. त्याखाली 'ज्यादा', 'रिटच', 'प्रिंट'. 'प्रिंट'खाली साइझ आणि साइझखाली प्रतींचा आकडा. एकाच फोटोला दोन साइझचे टॅग चालतात, पण एकाच साइझखाली '१' आणि '२' दोन्ही लागले असतील तर ती चूक आहे. अशा वेळी स्क्रिप्टने अंदाज न करता थांबावं. फोटोच्या पसंतीचे तारे (रेटिंग) मात्र बिलासाठी वापरू नका. एडिटिंग करताना चाराचे पाच आणि पाचाचे तीन होतच राहतात.

आता वाचायचं कसं? डिजिकॅम नेहमीच्या सेटिंगमध्ये माहिती एसक्यूलाइटच्या, म्हणजे एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसच्या, फाइलमध्ये ठेवतो. 'टॅग्ज' या तक्त्यात प्रत्येक टॅगचा क्रमांक, नाव आणि त्याच्या वरच्या टॅगचा क्रमांक असतो. 'इमेजटॅग्ज'मध्ये फोटो आणि टॅग यांच्या जोड्या असतात. 'बिल'पासून एकेक पायरी खाली उतरत जाणारी रिकर्सिव्ह क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) लिहिली की झाडाचा पूर्ण मार्ग मिळतो. 'इमेजेस' तक्त्यात स्टेटस १ असलेल्याच नोंदी घ्या. कचऱ्यात टाकलेल्या फोटोची नोंद लगेच जात नाही, तिचं स्टेटस ३ होतं. ही अट विसरलात तर उडवलेल्या फोटोंचेही पैसे लागतात. आणि मोजायचे ते फक्त सगळ्यात खालचे टॅग. डिजिकॅममध्ये टॅग लावताना वरचा टॅग आपोआप लावण्याची सोय आहे. ती चालू असेल तर एकच प्रिंट दोनदा मोजली जाते.

लाइटरूम क्लासिकचा कॅटलॉगही एसक्यूलाइटच आहे, पण त्याची आतली रचना ॲडोबीने जाहीर मांडलेली नाही आणि आवृत्तीबरोबर ती बदलू शकते. तिथे एक्झिफटूल या प्रोग्रॅमने फाइलींमधला मेटाडेटा (फोटोसोबतची माहिती) सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत, काढणं मला जास्त भरवशाचं वाटतं. फक्त एक अडचण आहे: लाइटरूम आपले कीवर्ड आपणहून फाइलीत लिहीत नाही. सगळे फोटो निवडून कंट्रोल-एस दाबा किंवा एक्सएमपीत (मेटाडेटा लिहिण्याच्या पद्धतीत) आपोआप लिहिण्याची सेटिंग चालू करा. नाहीतर एक्झिफटूलला जुनीच खूण दिसेल आणि तुम्ही स्क्रिप्टला दोष द्याल. व्हर्च्युअल कॉपीच्या, म्हणजे वेगळी फाइल न करता कॅटलॉगमध्येच ठेवलेल्या दुसऱ्या आवृत्तीच्या, खुणा तर या वाटेने येतच नाहीत, म्हणून बिलाचा टॅग मूळ फोटोवरच लावा.

डेटाबेस थेट वाचणार असाल तर आधी प्रोग्रॅम बंद करा, फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच क्वेरी चालवा, तीही केवळ वाचनासाठी उघडून. प्रोग्रॅम चालू असताना ताजे बदल शेजारच्या 'वाल' (बदल तात्पुरते नोंदवणाऱ्या) फाइलीत असू शकतात. नुसती मुख्य फाइल उचललीत तर ते निसटतात.

दुप्पट मोजणीची आणखी दोन कारणं आहेत. एकाच फोटोच्या रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्हीवर टॅग लागतो, आणि एक्सपोर्ट केलेला जेपेग टॅग सोबत घेऊन परत कॅटलॉगमध्ये शिरतो. फक्त फाइलच्या नावावरून दुहेरी नोंदी काढू नका. कॅमेऱ्याचा आकडा ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीला येतो, आणि दोन कॅमेऱ्यांमधल्या फाइलींची नावं तर सर्रास जुळतात. नाव, शूटिंगची वेळ आणि कॅमेऱ्याचा सिरियल नंबर असं तिन्ही जुळवा. लाइटरूममध्ये प्रत्येक कीवर्डला 'एक्सपोर्टमध्ये समाविष्ट' असा पर्याय असतो. 'बिल'खालच्या प्रत्येक कीवर्डला तो काढून टाका. 'रिटच/डबल चिन' अशी खूण नवरीच्या फोनवर पोहोचू नये, हाही फायदा आहेच.

मराठीत टॅग लिहिणाऱ्यांसाठी खास सूचना. 'ॲ' दोन पद्धतींनी टाइप होतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा 'अ'वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (सारखी अक्षरं एका रूपात आणणं) त्यांना एक करत नाही. गुणिले चिन्ह आणि इंग्रजी एक्स यांचंही तेच, मराठी आणि इंग्रजी आकड्यांचंही तेच. म्हणून रेटकार्डात न सापडलेला टॅग दिसला की स्क्रिप्टने शून्य दर धरू नये, टॅगचं नाव दाखवून बिल अडवावं.

आता हिशोब. दर नमुन्यादाखल धरा. पॅकेज ६०,००० रुपये, त्यात २५० फोटो. निवडले २८७, म्हणजे ज्यादा ३७, प्रत्येकी ६० प्रमाणे २,२२०. रिटचिंग १२ फोटो, १५० प्रमाणे १,८००. बारा बाय अठराच्या ८ प्रती, १८० प्रमाणे १,४४०. एकूण ६५,४६०. सीजीएसटी ९ टक्के ५,८९१.४०, एसजीएसटी तेवढाच. बेरीज ७७,२४२.८०, राउंड ऑफ २० पैसे, बिल ७७,२४३. स्क्रिप्टमध्ये रक्कम दशांशात ठेवू नका, पूर्णांक पैशांत ठेवा आणि राउंड ऑफ शेवटी एकदाच करा. ओळीओळीला केलंत तर एखाद्या रुपयाचा फरक येतो आणि तो शोधण्यात तास जातो.

गिऱ्हाईक जीएसटी नोंदणी असलेलं असेल, तर नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन आकडे बघा. २७ म्हणजे महाराष्ट्र. गोव्यातल्या एखाद्या हॉटेलचं काम केलंत, तिथे ३० दिसेल, मग दोन राज्यांमधला व्यवहार म्हणून सगळा १८ टक्के आयजीएसटी. इव्हेंट फोटोग्राफीचा सेवा कोड ९९८३८३. ॲडव्हान्सबद्दल बरेच जण गाफील असतात: सेवेसाठी घेतलेल्या ॲडव्हान्सवर कर तो मिळतो तेव्हाच लागतो, आणि त्याची रिसीट व्हाउचर द्यावी लागते. करासह २५,००० घेतले असतील, तर करपात्र रक्कम २१,१८६.४४. बिल पूर्ण ७७,२४३ चंच निघेल, त्यातून २५,००० वजा होऊन येणं ५२,२४३. आधी भरलेला कर रिटर्नमध्ये वळता करायचा. स्क्रिप्टने ॲडव्हान्स करपात्र रकमेतून वजा करणं ही इथली नेहमीची चूक आहे.

बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत, सलग, आर्थिक वर्षात एकदाच. नियमात तिरकी रेघ चालते, पण फाइलच्या नावात ती चालत नाही, म्हणून आडवी रेघ घ्या. बिल निघालं की त्या क्षणीची यादी, म्हणजे फोटोचं नाव, काम, प्रती, दर, त्याच क्रमांकाच्या सीएसव्हीत गोठवा. त्यानंतर पार्टीने दोन प्रिंट रद्द केल्या, तर जुनं बिल पुन्हा काढायचं नाही, तेवढी रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट द्यायची. बिल झालेल्या फोटोंवर 'झाले' या टॅगखाली क्रमांक लावा, पण तो प्रोग्रॅममधून हाताने. डेटाबेसमध्ये स्क्रिप्टने लिहायला लावू नका. 'झाले' असलेला फोटो पुढच्या बिलात आला, तर स्क्रिप्टने विचारावं, कारण नंतर मागवलेली प्रिंट खरीही असू शकते.

सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावांच्या जागी चिरगुटं दिसली, तर फाइल बॉमसह (लिपी ओळखू यावी म्हणून सुरुवातीला असलेल्या खुणेसह) यूटीएफ-८ मध्ये साठवा. आणि ही फाइल बिलासोबतच जपा: जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात, आणि तोवर कॅटलॉग दोनदा तरी बदललेला असतो.