लाल कोट काळा दिसतो तेव्हा

(पडद्यावर: तळहाताएवढा जुना फोटो. एक शिपाई, हात खुर्चीच्या पाठीवर.)

साधारण चार इंच उंच, अडीच इंच रुंद पुठ्ठा. त्यावर चिकटवलेला एक शिपाई. नाव नाही, तारीख नाही. कोट जवळजवळ काळा.

हा कोट लाल आहे.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या ब्रिटिश फौजेचे फोटो ओळखताना पहिली ठेच इथेच लागते. त्या वेळी फोटो काचेवर घेत. तिला लावलेलं कलोडियन हे रसायन ओलं असतानाच फोटो घ्यायचा. त्या काचेला निळा उजेड पटकन कळायचा. लाल आणि पिवळा जवळपास कळायचाच नाही. त्यामुळे पायदळाचा लालभडक ट्यूनिक, म्हणजे गणवेशाचा कोट, गडद उमटतो आणि फिकं निळं पांढरं पडतं. क्रिमिया युद्धाच्या पदकाची रिबन आकाशी, काठ पिवळे. फोटोत ती पांढरी, काळ्या काठांची दिसते आणि बघणारा भलत्याच मोहिमेचं नाव घेतो. आपोआप रंग भरणारं अ‍ॅप इथे उपयोगाचं नाही. गडद दिसलं की ते गडदच रंग भरणार.

तेव्हा रंग बाजूला ठेवायचा. शिवण, बटणं आणि बिल्ले बघायचे.

त्याआधी फोटो सुलटा आहे का, ते तपासा. पत्र्यावरचा टिनटाइप आणि चांदीच्या पत्र्यावरचा डॅगेरोटाइप आरशासारखे उलटे असतात. काचेवरचा अँब्रोटाइप बहुधा उलटा, पण काच फिरवून बसवली असेल तर सुलटा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, पदकं डाव्या छातीवर असतात. दोन्ही उलटं दिसलं, तर स्कॅनची डावी-उजवी बाजू आरशासारखी पालटून घ्या. ही खबरदारी क्षुल्लक नाही. सार्जंटची किरमिजी सॅश (छातीवरून तिरका घ्यायचा कापडी पट्टा) उजव्या खांद्यावरून उतरते, १८५५ नंतरच्या अधिकाऱ्याची डाव्या. उलट्या फोटोत सार्जंटाला फुकटची बढती मिळते! (सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीचे सार्जंट मात्र परंपरेने डाव्या खांद्यावरूनच घेत.) आणि लालावर किरमिजी म्हणजे गडदावर गडद, सॅश दिसली नाही तर कमरेशी लोंबणारे गोंडे शोधा.

स्कॅन किमान १२०० डीपीआयचा हवा, मागच्या बाजूचाही. काचेचा फोटो चौकटीतून काढू नका. मागचा काळा थर खरवडला तर चित्रच जातं.

(पडद्यावर: तीन बाह्या शेजारी शेजारी.)

आता बाही. तारखेसाठी आम्ही सगळ्यात आधी तिथेच बघतो, कारण चेहरा पुसट झाला तरी कफ बहुधा दिसतो. १८५६च्या एकेरी बटणांच्या ट्यूनिकला कफवर उभी पट्टी आणि तीन बटणं. १८६८पासून कफ टोकदार. १८८१पासून साधा गोल, जॅमच्या बरणीसारखा. त्याचं नावच ‘जॅम पॉट’. स्कॉटिश पलटणींचा कोट, म्हणजे डब्लेट, वेगळा: मनगटापासून वर रुंदावत जाणारा कफ, कमरेखाली झडपा.

डोक्यावर शाको (पुढे झडप असलेली ताठ, उंच टोपी) असेल तर नियमित पायदळाचा फोटो बहुधा १८७८च्या आसपासचा किंवा आधीचा. त्या वर्षी टोकदार निळं हेल्मेट आलं. हेल्मेटवर टोकाऐवजी गोळा दिसला तर तोफखाना आठवा, १८८१नंतरचा.

बटणं वाचण्यात लोक तासन्‌तास घालवतात. १८७१पर्यंत साध्या शिपायाच्या बटणावर पलटणीचा नंबर असे. त्यानंतर सगळ्यांना राजचिन्हाचं एकच बटण मिळालं, अधिकारी तेवढे सुटले. १८७४ला कॉलरवर बिल्ले आले. ग्लेनगॅरी या होडीच्या आकाराच्या कापडी टोपीवर नंबराचा बिल्ला असेल तर उत्तमच, कारण तो १८७४ ते १८८१ एवढ्याच काळातला. १ जुलै १८८१ला नंबर गेले, परगण्यांची नावं आली. त्याबरोबर कॉलर-कफचा रंगही ठरला: इंग्लिश आणि वेल्श पांढरा, स्कॉटिश पिवळा, आयरिश हिरवा, ‘रॉयल’ पलटणींना निळा. यातला पांढराच फोटोत भरवशाचा. पिवळा आणि हिरवा दोन्ही गडद येतात, गडद निळाही त्यांच्यात मिसळतो. तिथे कॉलरच्या बिल्ल्यावाचून गत्यंतर नाही.

खांद्यावरच्या ताऱ्यांनी आपल्याकडचे लोक हमखास फसतात. आज दोन तारे म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कॅप्टन. १८८० ते १९०२ मध्ये एक तारा लेफ्टनंटचा आणि दोन कॅप्टनचे. सेकंड लेफ्टनंटचा खांदा मोकळा. १८८०च्या आधी हुद्दा खांद्यावर नव्हे, कॉलरवर असे.

बाहीवर कोपराच्या वर टोक खाली असलेल्या फिती म्हणजे हुद्दा. मनगटाजवळ टोक वर असलेल्या म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या. त्या बघून साध्या शिपायाला कॉर्पोरल ठरवू नका.

एक नियम धरून चाला: फोटोतली सगळ्यात नवी वस्तू ज्या वर्षीची, त्याच्या आधीचा फोटो असू शकत नाही. उलट मात्र खरं नाही. मिलिशिया आणि व्हॉलंटियर या अर्धवेळ तुकड्यांकडे जुना माल वर्षानुवर्षं चालत असे. १८५९पासून उभ्या राहिलेल्या व्हॉलंटियर्सचे कपडे करडे, हिरवे, कसलेही. कफवर बहुधा दोऱ्याची वळणदार गाठ.

पुठ्ठ्यामागे पुणे किंवा देवळालीच्या स्टुडिओचं नाव असेल, तर कफचं गणित बाजूला ठेवा. इथे गोरे शिपाई बुचाचं हेल्मेट आणि पांढरे किंवा खाकी सुती कपडे घालत. खाकी हिंदुस्थानात १८४०च्या दशकाच्या अखेरीपासून होती. इंग्लंडात रोजच्या वापरात आली १९०२ला. नुसत्या खाकीवरून साल सांगणं धोक्याचं.

(पडद्यावर: पदकाची कड, भिंगाखाली.)

आणि फोटोबरोबर पदक घरात असेल, तर आधी त्याची कड भिंगाखाली धरा. ब्रिटिश मोहीम-पदकांच्या कडेवर बहुधा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. क्रिमियाची बरीच पदकं मात्र कोरीच वाटली गेली. नाव मिळालं की लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १०० ही पदकांची यादी आणि डब्ल्यूओ ९७ ही सेवानिवृत्त शिपायांची कागदपत्रं चाळा. तिथे उंची, केसांचा रंग, अंगावरच्या खुणाही लिहिलेल्या असतात. त्या फोटोशी ताडून बघा.