शंभराची केबल, पाचशेची केबल

मंडळी, नमस्कार. चार्जिंगच्या केबलवर व्याख्यान, हे ऐकून काहींना हसू आलं असेल. येऊ द्या. पण ज्यांच्या घरी चिकटपट्टी गुंडाळलेली एकही केबल नाही, त्यांनी जरा हात वर करा. (हशा) बघा, मागच्या रांगेत दोनच हात, आणि त्यातला एक पंखा कमी करायला सांगतोय.

केबल तुटते म्हणून आपण तिला शिव्या देतो. वास्तविक फोन आणि केबल या दोघांत आधी कुणी झिजायचं, हे ठरवूनच या पिना बनवल्या गेल्या आहेत. जुनी मिनी यूएसबी पिन आठवते? कॅमेऱ्यांना असायची. तिची हमी ५,००० वेळा काढण्या-घालण्याची होती. २००७ मध्ये मायक्रो यूएसबी आली, दुकानात जिला अजूनही ‘व्ही-एट पिन’ म्हणतात, तेव्हा हा आकडा १०,००० वर गेला. शिवाय एक शहाणपणाचा बदल झाला. झिजणारी स्प्रिंग आणि धरून ठेवणारे आकडे फोनमधून काढून केबलच्या पिनेत बसवले. २०१४ च्या सी-टाईपनेही तेच धोरण ठेवलं: फोनच्या तोंडात मधली पातळ जीभ स्थिर, दाब देणाऱ्या स्प्रिंगा केबलकडे. ॲपलच्या आयफोनची जुनी पिन, लाइटनिंग, तिच्यात याच्या उलट होतं. स्प्रिंगा फोनच्या पोटात. २०२३ च्या आयफोन १५ पासून तेही सी-टाईपवर आले.

आता हिशोब करा. दिवसातून तीनदा पिन घातली तरी १०,००० व्हायला नऊ वर्षं लागतात. तेवढा आपला फोनही टिकत नाही. मग केबल सहा महिन्यांत का जाते?

कारण ती पिनेत जात नाही, मानेत जाते. मेलेली केबल टाकण्याआधी कधी ब्लेडने उभी चिरून बघा. वरचं रबर, आत चंदेरी कागद, त्यात लाल, काळी, पांढरी, हिरवी अशा चार बारीक वायरी. पिनेपासून बोटभर अंतरात लाल वायरीचं कव्हर बाहेरून धड दिसेल, पण दोन बोटांत धरून ओढलंत तर ते लांबतं. आतलं तांबं तुटलेलं असतं. बांधकामावरची बाइंडिंग वायर आपण पक्कड नसताना कशी तोडतो? मागेपुढे वाकवून. प्रत्येक वाकवण्यागणिक धातू ताठर होतो आणि शेवटी तडकतो. तांब्याचंही तेच. रात्री आडवं पडून, फोन छातीवर टेकवून, पिन खालच्या बाजूला काटकोनात दुमडून जे रील बघणं चालतं, ते दुसरं काय आहे? एकेक तार तुटत जाते, उरलेल्या तारांवर सगळा करंट येतो, त्या तापतात. पिनेजवळ तपकिरी डाग दिसला किंवा हाताला चटका लागला, तर ती केबल त्या दिवशीच संपली समजा. चिकटपट्टीने बाहेरचं रबर बांधलं जातं. आतल्या तारा काही सांधत नाहीत.

विणलेली नायलॉनची केबल जास्त टिकते का, हा प्रश्न हमखास येतो. नायलॉन कातडीचं रक्षण करतं, घासण्यापासून वाचवतं, एवढं खरं. तांब्याला त्याचा उपयोग थोडाच. चांगल्या केबलमध्ये आत ॲरामिडचे, म्हणजे केव्हलरच्या जातीचे धागे असतात. ओढ बसली की ती हे धागे घेतात, तांबं नाही. दुकानात ते दिसत नाहीत. दिसते ती मान. पिनेपासचं रबर लांब, निमुळतं आणि लवचिक हवं. तिथे आखूड, टणक प्लास्टिक असेल तर वर कितीही सुंदर विणकाम असो, मी ती घेणार नाही.

आता जाडी. इथे थोडं गणित आहे, पण पैशाचा खरा मुद्दा हाच. स्वस्त केबलमध्ये बहुतेकदा २८ गेजची तार असते. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. एक मीटर तारेचा रोध साधारण ०.२१ ओहम, जाऊन-येऊन ०.४३ च्या आसपास. त्यातून २ अँपिअर नेले की ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. ५ व्होल्ट निघाले, फोनपर्यंत ४.१५ पोचले. फोन बिचारा मागणी कमी करतो आणि आपण म्हणतो, बॅटरी गेली. २४ गेजच्या तारेत हीच गळती ०.३४ व्होल्ट. म्हणून ‘पलंगापर्यंत पोचते’ म्हणून घेतलेली तीन मीटरची बारीक केबल म्हणजे पैसे देऊन घेतलेला त्रास.

फास्ट चार्जिंगवाल्यांनी यावर दोन वाटा काढल्या. बहुतेकांनी व्होल्टेज वाढवलं: ९ व्होल्ट, २ अँपिअर, करंट तेवढाच, काम जवळपास दुप्पट. ओप्पोने २०१४ मध्ये उलटी वाट धरली, ५ व्होल्टच ठेवून ४ ते ४.५ अँपिअर. त्याला जाड केबल आणि खास पिन लागणारच. वनप्लसचीही तीच परंपरा. त्यामुळे त्यांच्या डब्यातली केबल जपा. बाहेरची साधी लावली की फोन चार्ज होतो, पण रमतगमत.

‘२४० वॉट’ लिहिलेली महागडी केबल सगळ्यांनी घ्यायची गरज नाही. सी-टू-सी, म्हणजे दोन्ही टोकांना सी-टाईप असलेली, साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॉटपर्यंत नेते. २५ वॉटच्या फोनला ती पुरून उरते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी पिनेत ओळख सांगणारी एक चिप लागते, पैसे तिचे. अपवाद सांगतो: सॅमसंगचं ४५ वॉट चार्जिंग. आकडा साठच्या आतला, तरी त्याला ५ अँपिअरचीच केबल लागते.

स्वस्त केबलचा धोका फक्त ‘लवकर तुटते’ एवढाच नसतो. बेन्सन लेउंग नावाचे गूगलचे अभियंता स्वतःहून बाजारातल्या सी-टाईप केबली तपासत होते. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा क्रोमबुक पिक्सेल लॅपटॉपच जाळला. आत पॉवर आणि अर्थच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. पुढच्याच महिन्यात ॲमेझॉनने नियमात न बसणाऱ्या सी-टाईप केबली विकायला बंदी केली.

म्हणून लोकलमध्ये शंभराला मिळणारी केबल घ्यायचीच नाही का? घ्या की. इअरबड्सना, दाढीच्या मशीनला लावा. तिथे करंट नगण्य असतो. रोजच्या फोनला मात्र चारशे-पाचशेची, एक मीटरची, मानेची नीट केबल मला स्वस्त वाटते. कारण सैल पिनेने फोनचा जॅक बिघडवला, तर सी.सी. बोर्ड, म्हणजे चार्जिंगच्या जॅकचं छोटं बोर्ड आलं, मजुरी आली, आणि पाण्यापासून संरक्षण देणारा गोंद उखडला तो निराळाच.

आणि नवी केबल घेण्याआधी फोनच्या भोकात टॉर्च मारून बघा. पिन पूर्ण बसत नसेल, मध्ये नखभर फट राहत असेल, तर आत कचरा दाबला गेलाय. फोन बंद करा, लाकडी टूथपिकने हलक्या हाताने कोरा. टाचणी अजिबात नको. निघणारा काळपट कापूस बहुधा तुमच्याच पँटच्या खिशातला असतो. तो काढून जुनीच केबल लावून बघा. ‘टक्’ करून बसली, तर ते पाचशे रुपये तुमचेच.

आता प्रश्न घेऊ. आधी ते पंखावाले काका, बोला.