धक्क्यापलीकडचं बेलीझ

मंडळी, तुमच्यापैकी अनेकांची मुलं अमेरिकेत आहेत. थंडीत आपण तिकडे गेलो की मुलं हौसेनं क्रूझची तिकिटं काढतात. मायामीहून किंवा टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनहून जहाज निघतं, पश्चिम कॅरिबियन समुद्रात आठवडाभर फिरतं. अशाच एका सफरीत मी बेलीझला गेले. हे बोलणं त्या एका दिवसाबद्दलच आहे.

बेलीझ हा मध्य अमेरिकेतला छोटासा देश. पूर्वीचा ब्रिटिश होंडुरास, स्वतंत्र झाला 1981 च्या सप्टेंबरात. त्याच्या दक्षिण किनाऱ्याजवळ हार्वेस्ट की नावाचं बेट आहे. सुमारे 75 एकरांचं हे बेट नॉर्वेजियन क्रूझ लाइननं विकसित केलं आणि 2016 च्या नोव्हेंबरात प्रवाशांसाठी खुलं केलं. बेलीझ सिटीपाशी समुद्र इतका उथळ आहे की मोठी जहाजं दूर उभी राहतात आणि माणसांना छोट्या बोटींनी न्यावं लागतं. इथे मात्र कंपनीनं स्वतःचा धक्का बांधला, त्यामुळे जहाजातून उतरलं की पाय थेट बेटावर पडतो. समोर मोठा पोहण्याचा तलाव, वाळू, खुर्च्या, दुकानं आणि तारेवरून घसरत जाण्यासाठी उभारलेला दीपस्तंभासारखा मनोरा. सगळं स्वच्छ, नीट. लहान मुलं असलेल्या कुटुंबाला किंवा गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथेच सावलीत बसावंसं वाटलं, तर त्यात काही चूक नाही.

पण संध्याकाळी जहाजावर परत येऊन "आम्ही बेलीझ पाहिलं" असं म्हणणं बरोबर नाही. बेलीझ राहतं समोरच्या किनाऱ्यावर. तिथे जायला बोट मिळते आणि ती पकडावी, एवढंच मला आज कळकळीनं सांगायचं आहे.

मी आणि माझी मुलगी बोटीनं प्लासेन्सियाला गेलो. सुमारे 16 मैल लांबीच्या चिंचोळ्या भूशिराचं हे टोक. एका बाजूला कॅरिबियन समुद्र, दुसऱ्या बाजूला खाजण. मालवणजवळच्या देवबागचं माणूस तिथे उतरलं तर त्याला क्षणभर घरीच आल्यासारखं वाटेल. गावातून जाणारी जुनी मुख्य वाट म्हणजे वाळूत टाकलेली जेमतेम चार फूट रुंदीची सिमेंटची पट्टी. समोरून कुणी आलं तर एकानं बाजूला व्हायचं, आणि बाजूला होताना बोलायचंच. बेलीझमध्ये "गुड मॉर्निंग" म्हटल्याशिवाय पुढे जाणं उद्धटपणाचं मानतात. इंग्रजी ही तिथली राजभाषा आहे, त्यामुळे आपल्याला बोलायला अडचण नाही.

या गावात हार्वेस्ट कीवरून मोठा वाद झाला होता. तिथला पर्यटनधंदा छोट्या घरगुती निवासांवर, मासेमारांच्या बोटींवर आणि चार-आठ दिवस मुक्काम करणाऱ्या पाहुण्यांवर उभा होता. एका दिवसात हजारो माणसं येतील, खर्च मात्र बेटावरच करतील आणि खाजणातली तिवरं, मॅनेटी म्हणजे समुद्रगायी, प्रवाळ यांच्यावर ताण तेवढा आपल्याकडे येईल, ही त्यांची भीती. दुसरीकडे, तिथल्या तरुणांना नोकऱ्या हव्या होत्या आणि काहींना त्या बेटावर मिळाल्याही. हा वाद मला परका वाटला नाही. आपल्या किनाऱ्यावर मोठं रिसॉर्ट येणार म्हटलं की एकाच घरात बाप एका बाजूला आणि मुलगा दुसऱ्या बाजूला असतो, हे आपण पाहिलेलं आहे.

प्लासेन्सियाहून टॅक्सीनं थोडं उत्तरेला गेलं की सेन बाइट लागतं. हे गारिफुना लोकांचं गाव. यांच्याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते माहीत नसेल तर तिथलं जेवणही नीट कळत नाही.

कॅरिबियनमधल्या सेंट व्हिन्सेंट बेटावर मूळचे कॅरिब लोक आणि गुलामीतून सुटून आलेले आफ्रिकन एकत्र राहिले, एकमेकांत मिसळले. त्यातून गारिफुना झाले. त्यांची भाषा मुळात अमेरिकेच्या आदिवासींची. ती बोलणारे दिसायला मात्र आफ्रिकन. या भाषेत पुरुषांनी वापरायचे काही शब्द वेगळे आणि बायकांनी वापरायचे वेगळे, अशी जुनी रीत होती. ब्रिटिशांना उसासाठी बेटाची जमीन हवी होती. गारिफुना लढले. त्यांचा नेता जोसेफ चॅटोयर 1795 च्या मार्चमध्ये लढाईत मारला गेला. शरण आलेल्या चार हजारांवर लोकांना ब्रिटिशांनी बालिसो नावाच्या उजाड बेटावर कोंडलं. पुरेसं पाणी नाही, त्यात साथ आली. निम्म्याच्या आसपास माणसं तिथेच मेली. उरलेल्यांना जहाजांत भरून 12 एप्रिल 1797 रोजी होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर आणून सोडलं. तिथून ही माणसं मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर पसरली. 19 नोव्हेंबर 1832 रोजी त्यांचा एक मोठा गट बेलीझच्या किनाऱ्याला लागला, असं ते मानतात. त्या तारखेला आज देशभर सुट्टी असते. पहाटे ढोल वाजवत होड्या किनाऱ्याला आणतात आणि होड्यांत केळी, झावळ्या, कसावा नावाच्या कंदाची रोपं असतात. पूर्वज घेऊन आले ते हेच, म्हणून.

आता जेवण. सेन बाइटमध्ये एका बाईंच्या घरी आम्ही हुदुत खाल्लं. आम्ही पोचलो तेव्हा त्या लाकडी उखळात उकडलेली केळी कांडत होत्या, काही हिरवी, काही अर्धी पिकलेली. मुसळ जवळजवळ माझ्या उंचीचं. मधून मधून हात पाण्यात बुडवायचा, गोळा उलटायचा, परत घाव. बाजूला नारळाचा रस काढून ठेवलेला आणि त्यात मासा शिजत होता. मी म्हटलं, द्या इकडे, थोडं मी कांडते. त्यांनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग मुसळ दिलं. पाचेक घाव झाल्यावर त्या म्हणाल्या, तुम्ही हे आधी केलेलं आहे. मी म्हटलं, केळी नाही, पण पोहे कांडलेत.

मग त्यांनी कसावाची रोटी, म्हणजे एरेबा, कशी करतात ते दाखवलं. कडू जातीच्या कसावात विष असतं. म्हणून तो कंद किसायचा आणि विणलेल्या लांब नळीसारख्या पिशवीत भरायचा. तिला म्हणतात रुगुमा. ती झाडाला टांगून खालच्या टोकाला वजन द्यायचं. वजनानं पिशवी ताणली जाते, आतून आवळते आणि विषारी रस ठिबकत बाहेर पडतो. उरलेला चोथा वाळवायचा, चाळायचा आणि मोठ्या तव्यावर पसरून भाजायचा. ही रोटी कडक होते आणि महिनोन्महिने टिकते. आपण एकादशीला जो साबुदाणा भिजवतो, तोही या कसावाच्याच पिठापासून केलेला. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी मला दोनदा विचारलं, उपासाला? देवासाठी? आणि मग त्यांनी सांगितलं की त्यांच्याकडेही पूर्वजांच्या मोठ्या विधीत, दुगूमध्ये, अन्न वाढलं जातं. हा विधी काही दिवस चालतो आणि लांब गेलेली मुलं-नातवंडं त्यासाठी परत येतात. पुढचा अर्धा तास आम्ही गेलेल्या माणसांबद्दल बोललो. तिच्या आईबद्दल आणि माझ्या.

हा अर्धा तास तिकिटात नव्हता.

आता जाणाऱ्यांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी. बेलीझचं घड्याळ वर्षभर एकच असतं, उन्हाळ्यात पुढे करत नाहीत. जहाजाची वेळ आणि किनाऱ्याची वेळ यांत त्यामुळे तासाचा फरक पडू शकतो. आपल्या मनगटावर जहाजाची वेळ ठेवा. स्वतःच्या जबाबदारीवर गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही, म्हणून दोन तास हाताशी राखून परत फिरा. दोन बेलीझ डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, हा दर ठरलेला आहे आणि दोन्ही चालतात. भाव ठरवताना कुठला डॉलर ते विचारा. एकदा ठरला की घासाघीस करू नका. विचारल्याशिवाय कुणाच्या अंगणात शिरू नका, मुलांचे फोटो काढू नका. सगळीकडे असं बाहेर पडता येतं असंही नाही. हैतीत लाबादी इथे रॉयल कॅरिबियनचा जो किनारा आहे, त्याला कुंपण आहे, आणि त्या देशातल्या हिंसाचारामुळे जहाजं तिथे जाणंच थांबवावं लागलं होतं. आधी चौकशी करावी.

निघताना बाईंनी विचारलं, तुमच्याकडे खवलेल्या नारळाला काय म्हणतात? मी म्हटलं, चव. त्यांना ते म्हणता येईना. "च" जीभेवर नीट बसेना. तीन-चारदा म्हणून पाहिल्यावर त्यांना ते जमलं. मग त्यांनी मला आभाराचा त्यांचा शब्द शिकवला, सेरेमेई. टॅक्सीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मुलगी म्हणाली, आई, चल. मी त्या अंगणात उभी राहून तो शब्द म्हणत होते आणि त्या मान हलवून, परत म्हणा, परत म्हणा, असं सांगत होत्या.