कापूस वेचणारे हात

नमस्कार श्रोतेहो.

आपसात लढून मरण्याला आपण यादवी म्हणतो. प्रभासक्षेत्री यादव एकमेकांवर तुटून पडले आणि अख्खं कुळ संपलं, त्या कथेतून हा शब्द आपल्याकडे आला. परक्याशी लढताना शत्रू कोण, हे कुणाला विचारावं लागत नाही. यादवीत मात्र समोरच्याचं नाव, गाव, नातंसुद्धा ठाऊक असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धाचंच बघा. १८६१ ते १८६५ अशी चार वर्षं ते चाललं. उत्तरेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन आणि दक्षिणेच्या फौजेतले सेनाधिकारी बेन हेल्म हे चक्क एकमेकांचे साडू. १८६३च्या सप्टेंबरमध्ये चिकमॉगाच्या लढाईत हेल्म पडले आणि त्यांची विधवा बायको, एमिली, आपल्या बहिणीकडे राहायला आली. म्हणजे थेट लिंकन यांच्या व्हाइट हाउसमध्ये. ज्याच्या फौजेनं नवऱ्याला मारलं, त्याच मेव्हण्याच्या घरी ती दुःख घेऊन आली. दोघी बहिणी एका टेबलाशी जेवायला बसत असतील, तेव्हा काय बोलत असतील?

असा प्रश्न मनात आला, की तिथे कादंबरी सुरू होते. यादवीच्या काळातल्या प्रेमकथा मी वयाच्या सतराव्या वर्षापासून वाचते आहे, आणि आज मला तुमच्याशी त्यांच्याविषयीच बोलायचं आहे. प्रेमकथा म्हटलं की 'बायकांची करमणूक' म्हणून बाजूला सारणारे लोक मला भेटतात. त्यांचं मला पटत नाही. लढाईच्या इतिहासात तारखा असतात, सेनापती असतात, नकाशावरचे बाण असतात. पण टपाल घेऊन येणाऱ्याची वाट बघत दारात उभं राहिलेलं माणूस या कादंबऱ्यांतच भेटतं.

आणि हे वाट बघणं खोटं नव्हतं. ऱ्होड आयलंडच्या पलटणीतले मेजर सलिव्हन बलू यांनी १४ जुलै १८६१ रोजी, वॉशिंग्टनजवळच्या छावणीतून पत्नी साराला पत्र लिहिलं. तुझ्यावरचं प्रेम मला जाडजूड दोरांनी बांधून ठेवतं आहे, आणि देशावरचं प्रेम वाऱ्याच्या झोतासारखं मला त्या दोरांसकट रणांगणाकडे ओढून नेतं आहे, असा त्या पत्राचा आशय आहे. बरोबर एका आठवड्यानं, २१ जुलैला, बुल रनच्या लढाईत ते जबर जखमी झाले आणि त्यातून उठले नाहीत. पत्र टपालात पडलंच नव्हतं, ते त्यांच्या सामानाच्या पेटीत सापडलं. सारानं पुन्हा लग्न केलं नाही. १९१७पर्यंत ती जगली. म्हणजे त्या पत्रानंतर ५६ वर्षं.

आता माझ्या सतराव्या वर्षाकडे येते. उन्हाळ्याची सुटी होती. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं गाव, दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही. मामेबहिणीच्या पेटीतून मी एक जाडजूड कादंबरी काढली, हजाराहून जास्त पानांची. मार्गारेट मिचेल यांची 'गॉन विथ द विंड'. ती १९३६ साली प्रसिद्ध झाली, पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. माझं इंग्रजी तेव्हा बेताचंच होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले आणि चौथ्या दिवशी शब्दकोश कुठे ठेवला तेच विसरले.

तुमच्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल, निदान सिनेमा पाहिला असेल. जॉर्जियातल्या कापसाच्या मळ्यावरची स्कार्लेट, तिच्या मनात असलेला पण दुसरीशी लग्न करणारा ॲश्ली, आणि तिला आरपार ओळखणारा ऱ्हेट बटलर. स्कार्लेट रागाच्या भरात भलत्याच मुलाशी लग्न करते आणि दोन महिन्यांत विधवा होते. तिचा नवरा लढाईत मरत नाही, छावणीत गोवर निघून मरतो. लहानपणी मला हे लेखिकेनं सोयीसाठी जुळवलेलं वाटलं होतं. पुढे कळलं की ते अगदी खरं आहे. त्या युद्धात मेलेल्या सैनिकांचा जुना अंदाज ६ लाख २० हजारांचा आहे, आणि त्यातले साधारण दोनतृतीयांश रोगराईनं गेले. हगवण, विषमज्वर, गोवर. अशा ठिकाणी ही कादंबरी फार पक्की आहे.

पण मला आज ज्या प्रसंगाविषयी बोलायचं आहे, तो पुढचा आहे. युद्ध संपलंय. मळ्यावरचा कर भरायला तीनशे डॉलर हवेत. स्कार्लेट आईचे हिरव्या मखमलीचे पडदे उतरवते, त्याचा झगा शिवून घेते आणि तुरुंगात असलेल्या ऱ्हेटला भेटायला जाते. आपलं सगळं छान चाललंय असा आव आणते. तोही विरघळतो, प्रेमानं तिचा हात हातात घेतो आणि तळहात उलटा करून बघतो. तळहातावर फोड, घट्टे, चिरा. एका क्षणात त्याला कळतं, की ही बाई राबते आहे आणि ती पैशासाठी आली आहे. कारण मधल्या काळात तिनं स्वतः शेतात उतरून कापूस वेचलेला असतो.

श्रोतेहो, तो प्रसंग वाचून मी रडले होते. आणि त्याच वर्षी, दिवाळीनंतर, आमच्या वावरात वेचणी लागली.

ज्यांनी पऱ्हाटी जवळून पाहिली आहे, त्यांना सांगायला नको. बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळतात आणि त्यांची टोकं सुईसारखी होतात. कापूस बोटांच्या चिमटीत धरून ओढायचा, तर नखाच्या कडेला ती टोकं लागतात. एकदा लागलं तर काही वाटत नाही. दिवसातून हजार वेळा लागलं, की नखाशेजारची कातडी फाटते. कमरेला ओटी बांधलेल्या बाया सकाळी दव असतानाच यायच्या. त्यांच्यातली एक, मी तिला मावशी म्हणायची, संध्याकाळी वजन झालं की बोटांना खोबरेल लावत बसायची. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिनं हात पुढे केला तेव्हा मला स्कार्लेटचा तळहात आठवला. आणि पहिल्यांदाच मनात आलं, की स्कार्लेटनं एक हंगाम कापूस वेचला तर हजार पानांची कादंबरी त्या हातांपाशी थांबते, सगळ्या कथेला वळण देते. तिच्या आधी त्या मळ्यात शंभर-शंभर हात वेचत होते. त्यांचे तळहात कुणी उलटून पाहिले?

१८६० साली जॉर्जियाच्या लोकसंख्येत जवळपास ४४ टक्के माणसं गुलाम होती. सबंध देशात सुमारे ४० लाख. युद्ध त्यांच्याचपायी झालं. त्या कादंबरीत ती माणसं दिसतात ती मालकिणीची काळजी वाहणारी, मालकाच्या दुःखानं रडणारी. त्यांचं स्वतःचं प्रेम, त्यांचं लग्न, त्यांचा विरह यांना तिथे जागाच नाही. एवढंच नव्हे, युद्धानंतर काळ्या लोकांवर रात्री हल्ले करणाऱ्या टोळ्या तिथे अब्रूदार पुरुषांचं कर्तव्य म्हणून येतात. हे मी गुळमुळीत सांगणार नाही. ते खोटं आहे, आणि त्या खोट्यानं फार नुकसान केलं आहे.

मिचेल यांनी ते जाणूनबुजून रचलं असं मात्र मला वाटत नाही. त्यांचा जन्म १९०० सालचा, अटलांटाचा. दक्षिणेच्या म्हाताऱ्या सैनिकांच्या मांडीवर बसून आणि आजीच्या तोंडून त्यांनी युद्धाच्या गोष्टी ऐकल्या. त्यांनीच पुढे सांगितलं आहे, की दक्षिण युद्ध हरली ही गोष्ट त्यांना दहाव्या वर्षापर्यंत कुणी सांगितलीच नव्हती. विचार करा, घरात रोज युद्धाच्याच गप्पा, आणि मुलीला हरल्याचंच माहीत नाही. आजी जे सांगते ते नातीला खरं वाटतं. आजीनं जे गाळलं, ते नातीच्या कादंबरीतही गळतं.

मग मला दुसरी आजी भेटली. तिची नातही मार्गारेटच, मार्गारेट वॉकर. जन्म १९१५, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा. त्यांची आजी रात्री आपल्या आईच्या, म्हणजे मार्गारेटच्या पणजीच्या, गोष्टी सांगायची. ती पणजी जॉर्जियात गुलाम म्हणून जन्मली होती. त्या गोष्टींची कादंबरी व्हायला तीसएक वर्षं लागली. 'जुबिली' १९६६ साली आली. तेच जॉर्जिया, तेच युद्ध, आणि तीही प्रेमकथाच.

तिची नायिका व्हायरी. मोठ्या घराच्या स्वयंपाकघरात राबणारी, मालकाचीच मुलगी, पण गुलाम बाईच्या पोटची. तिचं प्रेम रँडल वेअर नावाच्या स्वतंत्र काळ्या लोहारावर बसतं. तो स्वतंत्र आहे, ती नाही. तो तिला पळून ये म्हणतो. ती निघते, पण मुलांना मागे टाकणं तिला जमत नाही. त्यांना घेऊन निघते, पकडली जाते आणि पाठीवर चाबकाचे फटके खाते. युद्ध येतं, संपतं. रँडलचा पत्ता नाही. वर्षानुवर्षं वाट बघून ती इनिस ब्राउन या भल्या शेतकऱ्याशी संसार मांडते. आणि एक दिवस रँडल दारात उभा राहतो. एका घरात दोन पुरुष, दोघंही चांगले, दोघांचाही तिच्यावर हक्क. व्हायरी इनिसजवळ राहते. तो निर्णय ती ज्या शांतपणे घेते, ते वाचून मी पुस्तक छातीशी धरून कितीतरी वेळ बसून होते. स्कार्लेटसाठी रडले होते. व्हायरीसाठी रडू आलं नाही, घसा मात्र दाटून आला.

या प्रेमांना कायद्याचा आधार नव्हता, हे ध्यानात घ्या. गुलामांची लग्नं कायदा मानत नसे. लग्न लावणारे उपदेशक कितीदा 'मृत्यू तुमची ताटातूट करेपर्यंत' या वाक्यात 'किंवा अंतर' असं जोडत, कारण मालकानं एकाला दूर विकलं की संसार संपला. युद्धात उत्तरेच्या बाजूनं सुमारे १ लाख ८० हजार काळे सैनिक लढले. त्यांतल्या कितीतरी जणांच्या विधवांना निवृत्तिवेतनासाठी आधी सिद्ध करावं लागलं, की आमचं लग्न झालं होतं. कागद नाही, तर साक्षीदार. लग्नाला कोण होतं, मालक कोण होता, किती वर्षं एकत्र राहिलात. शपथपत्राच्या शेवटी सहीच्या जागी एक फुली. ती शपथपत्रं आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आणि एलन क्राफ्टचा हात मी कसा विसरेन! युद्धाच्या आधीची, १८४८च्या डिसेंबरची गोष्ट. जॉर्जियातल्या मेकन गावची एलन आणि तिचा नवरा विल्यम, दोघंही गुलाम. आपलं मूल विकलं जाईल या भीतीनं त्यांना मूलच नको होतं. एलन रंगानं इतकी उजळ, की गोरी म्हणून खपेल. विल्यमनं तिचे केस कापले. तिनं पुरुषाचा कोट चढवला, उंच टोपी घातली, हिरवा चष्मा लावला. ती आजारी गोरा मळेवाला झाली आणि विल्यम तिचा नोकर. अडचण एकच होती. वाटेत खानावळीत, जहाजाच्या कचेरीत सही मागतील, आणि तिला लिहिता येत नव्हतं. गुलामांना लिहायला शिकवणंच जॉर्जियात गुन्हा होता. म्हणून तिनं उजवा हात झोळीत बांधला. दुखावलेला हात, सही करता येत नाही. आगगाडी, आगबोट, पुन्हा आगगाडी असं करत नाताळच्या सकाळी ती दोघं फिलाडेल्फियाला पोहोचली, सुमारे हजार मैल. कुठल्या कादंबरीकाराला असा हात सुचला असता?

आपला या सगळ्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर सांगते. उत्तरेनं दक्षिणेची बंदरं अडवली, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, आणि गिरण्यांना आपला कापूस लागला. मुंबईत भाव भडकले, पैशाचा पूर आला, आणि १८६५मध्ये युद्ध संपताच तो बाजार कोसळला. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांची संपत्ती त्याच कापसाच्या दिवसांतली. तिकडे भाऊ भावाला मारत होता, तेव्हा इकडे आमच्या वऱ्हाडातल्या वेचणाऱ्या बायांची बोटं फाटत होती.

आणि पुण्यात एक माणूस हे युद्ध वेगळ्या बाजूनं वाचत होता. युद्ध संपून आठ वर्षं झाली होती. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या त्या लोकांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली होती. मोठ्या घराचा व्हरांडा त्यांनी पाहिलाच नाही, त्यांची नजर थेट वावरात गेली. मराठी वाचकाला या युद्धाकडे कुठून बघायचं हे इतक्या आधी सांगून ठेवलेलं होतं, आणि मला मात्र ते कळायला मावशीचे हात पाहावे लागले.

तर दोन्ही मार्गारेट वाचा. पहिली सोडून द्या असं मी म्हणणार नाही, मी स्वतः ती आजही काढून वाचते. पण दुसरीला तिच्या शेजारी ठेवा, एकाच फळीवर.

जाता जाता एक सांगते. युद्ध संपल्यावर सुटलेली माणसं आपापली माणसं शोधत निघाली. ज्यांच्या हाती चार पैसे होते, त्यांनी वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या. माझी बायको अमक्या मालकाकडे होती, अमक्या साली तिला विकलं, तेव्हा मूल तिच्या कडेवर होतं, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. बहुतेक शोधणाऱ्यांना वाचता येत नव्हतं आणि ज्यांना शोधायचं त्यांनाही नाही. म्हणून कित्येक जाहिरातींच्या शेवटी एक विनंती असे, की पाद्रीबुवांनी रविवारी हे देवळात मोठ्यानं वाचावं. फिलाडेल्फियाच्या 'ख्रिश्चन रेकॉर्डर'सारख्या पत्रांत त्या वर्षानुवर्षं छापल्या जात होत्या. व्हिलानोव्हा विद्यापीठानं त्यातल्या हजारो गोळा करून इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या ठेवल्या आहेत.

मी रात्री झोपण्याआधी त्यातली एक वाचते. घरात कुणी नसलं तरी मोठ्यानं वाचते. त्या तशाच वाचायच्या म्हणून लिहिल्या होत्या.

नमस्कार.