डांबरगोळ्यांचा वास

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा जड आहे, लैंगिक अत्याचारानंतर जे मागे उरतं त्याचा, तेव्हा कुणाला ऐकायला त्रास होत असेल तर रेडिओ बंद करा, खरंच करा, मला राग नाही येणार.

लहानपणी माझ्यासोबत काय झालं ते मी सांगणार नाहीये. सांगायचंय ते पंचवीस वर्षांनंतरचं. दादरला चुलत बहिणीच्या लग्नाचा बस्ता चाललेला, दुकानदाराने आतल्या कपाटातला गठ्ठा सोडला आणि डांबरगोळ्यांचा वास आला, बस्स, मी दुकानात नव्हतेच, मी त्या खोलीत होते, हात गार, कानात नुसतं घूं घूं, आणि मामी विचारतेय, अगं ही पैठणी कशी वाटते.

याला फ्लॅशबॅक म्हणतात. सिनेमासारखं चित्रच दिसतं असं नाही, कधी नुसती भीती येते, कधी स्वतःच्याच अंगाची किळस. वास तर मेंदूतल्या भीतीच्या नि आठवणींच्या भागांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोचतो, आपण विचार करायच्या आत अंग कामाला लागलेलं असतं.

मला कुणीतरी सांगितलेलं, डोळे मिट, दीर्घ श्वास घे. काहींना जमत असेल, माझं अजून बिघडायचं, डोळे मिटले की मी परत तिथेच. मग काउन्सेलरने उलटं शिकवलं, डोळे उघडे ठेव, चप्पल काढून पाय लादीवर टेक, दिसतील त्या पाच गोष्टींची नावं घे, आजची तारीख आणि तुझं आत्ताचं वय मोठ्याने म्हण. लोकलमध्ये असले तर मी अनाउन्समेंट धरते. पुढील स्टेशन माटुंगा. म्हणजे मी आत्ता इथे आहे, गाडी पुढे चाललीये.

शरमेचं मात्र असं पाच मिनिटांत होत नाही. मी ओरडले का नाही, हा एकच प्रश्न किती वर्षं चघळला. धोका आला की माणूस पळतो नाहीतर लढतो, एवढंच आपल्याला ठाऊक, पण अंग गोठतंही, आवाजच फुटत नाही, आणि ते आपण ठरवत नाही. मुलग्यांचंही होतं हो असं, त्यांना तर बोलायची अजूनच चोरी. आई म्हणायची, झालं गेलं गंगेला मिळालं. मिळालं असतं तर काय हवं होतं.

बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि अत्याचार नुकताच झाला असेल तर हॉस्पिटल सरकारी असो की खासगी, उपचार लगेच आणि मोफत द्यायचे हा २०१३ पासून कायदा आहे, कुणी डिपॉझिट मागितलं तर ऐकून घेऊ नका.

साडी मी घेतली शेवटी, दुसऱ्या दुकानातून. कपाटात कडुलिंबाचा पाला ठेवते. थोडी कसर लागते, लागू दे.