हे ठेवाचं कुठी?

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्या खिडकीत आत्ता कूलर घरघरत असेल, तर रेडिओचा आवाज जरा वाढवा. नाहीतर माझं अर्धं बोलणं वाळ्यातच जिरायचं.

सुरुवातही त्या कूलरपासूनच करतो. त्यात नवीन काय आहे सांगा? दाराखिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यावर पाणी मारायची रीत वीज यायच्या कितीतरी आधीची. पंखा होता, पंप होता. कुणीतरी हे सगळं पत्र्याच्या एका पेटीत बसवलं, एवढंच. पाण्याची वाफ होताना ते हवेतली उष्णता घेतं, म्हणून ४५ अंशांची कोरडी हवा ओल्या ताटीतून आत आली की दहा-पंधरा अंशांनी उतरते. हाच कूलर मुंबईला नेलात तर गारव्यापेक्षा दमटपणाच वाढेल. आपल्याकडेही मृगाचा पाऊस पडला, की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "पंप बंद कर, चिकचिक होऊन राहिली."

पण तो घरोघरी गेला तो नुसत्या गारव्यामुळे नाही. मोटार जळली तर चौकातला माणूस रिवाइंडिंग करून देतो. टाकी गळली तर डांबर फासायचं. ताट्या दर उन्हाळ्यात नव्या लागतात, आणि मार्च लागला की त्या बदलून देणारे गल्लीत हाळी देत येतात. कूलर विकत घेणाऱ्याला त्याची काळजी एकट्याने वाहावी लागत नाही.

आज मला विषय दिला आहे तो नव्या तंत्रज्ञानाचा. कल्पना सुचल्यापासून ती बाजारात उभी राहीपर्यंत तिला कशाकशाचा हातभार लागतो? मी तीसेक वर्षं तंत्रनिकेतनात शिकवलं. कल्पना ढीगभर पाहिल्या. बाजारापर्यंत गेलेल्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातली एक फसलेली गोष्ट आधी सांगतो. फसली त्यात माझाही वाटा होता.

आमच्या चार विद्यार्थ्यांनी संत्र्यांची प्रतवारी करणारं यंत्र बनवलं होतं. पट्ट्यावरून फळं पुढे सरकायची, लहान-मोठी वेगळी व्हायची. प्रदर्शनात बक्षीस मिळालं, वर्तमानपत्रात फोटो आला. मीच उत्साहाने म्हटलं, चला नागपूरच्या कळमना बाजारात. टेम्पोत घालून यंत्र बाजारात नेलं. तिथे एका वयस्कर हमालाने त्याच्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "सर, हे ठेवाचं कुठी जी?"

आम्ही गप्प. आजूबाजूला संत्र्यांचे ढीग, पेट्या, माणसं, गाड्या. यंत्राला दहा फूट जागा हवी, थ्री फेज वीज हवी. हे आम्हाला आधी सुचलंच नव्हतं. मग एकेक गोष्ट उघडी पडत गेली. नागपुरी संत्र्याची साल सैल असते. पट्ट्याच्या कडेला घासून ती फाटायला लागली. तोडे आंबिया आणि मृग या दोन बहारांपुरते; बाकीचे महिने यंत्र धूळ खाणार, पण कर्जाचा हप्ता दर महिन्याला यायचाच. आणि समोर ढिगापाशी बसलेल्या बाया फळ हातात घेताच आकार, रंग, डाग, मऊपणा सगळं एकदम पारखत होत्या. आमचं यंत्र फक्त आकार बघत होतं.

बक्षीस देणाऱ्या परीक्षकांनी यातला एकही प्रश्न विचारला नव्हता. तेव्हापासून कुणी नवं काही दाखवायला आणलं, की मी त्याला आधी हमालाचा प्रश्न विचारतो.

हाच प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वी आपल्याच गावात कुणी कसा सोडवला, ते सांगतो. गांधीसागरच्या बाजूला आज एम्प्रेस मॉल आहे ना, तिथे एम्प्रेस मिल होती. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांनी ती सुरू केली. त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, असं समीकरण होतं. हे नागपूरला आले, कारण कापूस इथे, कोळसा वरोऱ्याला, आणि रेल्वे दारात. पण सुरुवात काही चांगली झाली नाही. आधी आणलेली यंत्रं हलक्या प्रतीची निघाली, ती बदलावी लागली. आपल्या कोरड्या हवेत सूत तटातट तुटायचं, म्हणून गिरणीत हवा दमट ठेवणारी साधनं बसवावी लागली. (बघा, कूलर इथेही भेटला.) व्यवस्थापक नेमला तो बेझनजी मेहता हा रेल्वेच्या मालवाहतुकीतला माणूस; कापडधंद्याची माहिती त्याला जवळजवळ नव्हती. पण गिरणी उभी राहिली ती त्याच्याच हाताखाली.

आणि मग १८८०च्या दशकात या गिरणीने रिंग चातीचा, म्हणजे सूत कातायच्या एका नव्या यंत्राचा प्रयोग केला. रिंग मूळ अमेरिकेतली. तोवर इंग्लंडात आणि आपल्याकडे सूत निघायचं ते म्यूल नावाच्या यंत्रावर. म्यूल आधी सूत ओढून पीळ देई, मग थांबून गुंडाळी. रिंगवर पीळ आणि गुंडाळी एकदमच चालते, थांबणं नाही. एवढी सोय असूनही इंग्लंडातल्या लँकेशायरने, म्हणजे तिथल्या कापडगिरण्यांच्या मुलखाने, ती पटकन घेतली नाही. अडाणी होते म्हणून? मुळीच नाही. त्यांच्याकडे म्यूल चालवणारे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या तयार होते, कारखाने भरलेले होते, आणि बारीक सूत म्यूलवरच चांगलं निघे. शिवाय तिथे सूत कातणारा एक, विणणारा दुसरा. रिंगचं सूत जड लाकडी बॉबिनवर, ते गावोगाव वाहून नेण्याचा खर्च वेगळा. त्यांच्या घडीत रिंगला जागाच नव्हती.

नागपुरात होती. इथे कसबी म्यूलवाले नव्हते. शेतातून आलेल्या माणसाला लवकर शिकता येईल असंच यंत्र हवं होतं. सूत जाडसर काढायचं होतं. कातणं आणि विणणं एकाच आवारात, त्यामुळे बॉबिनच्या वाहतुकीचा प्रश्नच नाही. गिरणीने आधी थोडी यंत्रं आणून चालवून बघितली, फायदा दिसला तेव्हा वाढवली. तरी माणसांचा प्रश्न उरलाच. पेरणी-वेचणीच्या दिवसांत कामगार गावी निघून जात, आणि नवीन चाती रिकाम्या राहत. हजेरीसाठी बक्षिसं ठेवली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी काढला. यंत्राच्या गोष्टीत पेन्शन कुठून आली, असं वाटेल. पण चालवायला माणूस नसेल तर उत्तम यंत्रही लोखंडच.

आता अगदी जवळची गोष्ट. करोनाची दुसरी लाट आठवा. नाकात काडी घालून घ्यायची तपासणी, त्यासाठी शिकलेला माणूस, पीपीई, लांबलचक रांगा. आपल्या वर्धा रोडवरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळणीवर चालणारी आरटी-पीसीआर पद्धत काढली. नळीतल्या पाण्याने पंधरा सेकंद गुळणी करायची, त्याच नळीत टाकायची, नळी प्रयोगशाळेत. नमुना द्यायला माणूस स्वतःच पुरे, आणि अहवाल तीनेक तासांत. मला यातली हुशारी वाटते ती वजाबाकीची: काडी गेली, विषाणूचा आरएनए (त्याचं जनुकीय द्रव्य) वेगळा काढायचा खर्चिक टप्पा गेला. वापरणाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं यात कमी होतं, आणि तसं झालं की लोक फारसं समजावून न सांगताही नवी गोष्ट घेतात. मे २०२१ मध्ये आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, मान्यता आली. सप्टेंबरमध्ये हे तंत्र सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे सोपवलं गेलं, म्हणजे खाजगी उद्योजकांना ते घेता यावं. तोवर लाट ओसरली होती. साथीच्या गोष्टीला वेळ फार कमी मिळतो. परवानगी आणि कारखाना हे दोन्ही शोधाबरोबरच चालू करावे लागतात, एकामागून एक नाही.

पेटंटबद्दल मुलं नेहमी विचारतात, म्हणून घाईघाईत दोन गोष्टी. आपल्याकडे पेटंट अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं चालतं. पण अर्ज करण्याआधी स्वतःच प्रदर्शनात मांडलंत, व्हिडिओ टाकलात, तर 'हे नवीन आहे' म्हणायची सोय बहुतेक वेळा गेलीच. सगळं तयार नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो, आणि पूर्ण तपशिलासाठी बारा महिने मिळतात. आमच्या चौघांनी आधी फोटो छापून आणला होता, हे तुम्ही ऐकलंच. पैशाचं म्हणाल, तर कल्पनेला बक्षीस देणारे भेटतात, चालू धंद्याला कर्ज देणारी बँकही भेटते. दहा नग बनवून दहा ठिकाणी वर्षभर झिजवून बघायचे असतात, त्या मधल्या वर्षाला मात्र कुणी दार उघडत नाही. जैवतंत्रज्ञानात केंद्र सरकारच्या बायरॅकसारखी संस्था अशा टप्प्यासाठी ५० लाखांपर्यंत अनुदान देते. पत्र्याच्या आणि नटबोल्टच्या कामाला त्याच तोलाचं काहीतरी हवं, असं मी बरीच वर्षं म्हणतो आहे.

त्या चौघांपैकी तिघं पुण्याला गेले. चौथा काटोलकडचा, घरी बाग. कळमन्याची गोष्ट त्याने मनाला लावून घेतली होती. दोनेक वर्षांनी तो माझ्याकडे एक चौकट घेऊन आला. कॅनव्हासचा उतार, खाली तीन मापांच्या गोल खिडक्या, वीज नाही, घडी करून मोटारसायकलवर बांधता येते. फळ घरंगळतं, घासत नाही. ती त्याने बाजारासाठी बनवलीच नव्हती. व्यापारी येऊन झाडावरचा माल ठोक भावात मागतो. त्याआधी शेतकऱ्याने दोन झाडांची फळं उतरवून त्यावर सोडून बघायची, म्हणजे आपल्या बागेत मोठं फळ किती आणि चुरी किती, हे त्याला आधी कळतं. वापरली की भिंतीला टेकवून ठेवायची.

विकत कुणी घेतली नाही. मग तो दिवसाच्या भाड्याने द्यायला लागला, आणि तेव्हा गावात फिरायला लागली. परवा फोन आला होता. सहा चौकटी चालू आहेत म्हणाला, आणि एका घरून तक्रार आहे: वाकून वाकून कंबर दुखते, पाय वीतभर उंच करून द्या.