एकोणचाळीस अंक आणि एक शून्य

[पडद्यावर संपूर्ण संख्या]
१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७

ही एकोणचाळीस अंकी संख्या मूळ आहे. १ आणि ती स्वतः, यांखेरीज तिला कशानंही निःशेष भाग जात नाही. फ्रेंच गणिती एदुआर ल्यूका यांनी १८७६ साली ते सिद्ध केलं, तेही हातानं आकडेमोड करून! पुढं थेट १९५१ पर्यंत याहून मोठी मूळ संख्या कुणालाच माहीत नव्हती.

थोडक्यात लिहायची तर ती दोनचा १२७वा घात, वजा एक. द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिली, तर ओळीनं १२७ वेळा एक. अशा संख्या फ्रेंच धर्मगुरू मारँ मर्सेन यांच्या नावानं ओळखल्या जातात. कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते, याच्या त्यांच्या १६४४ च्या यादीत १२७ हा घातांक होता, पण त्याच यादीतले ६७ आणि २५७ चुकीचे निघाले.

मग खात्री कशी करायची? शाळेतली रीत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणं. इथं वर्गमूळच वीस अंकी. या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २५४ नं भागून बाकी १ उरायला हवी, म्हणून बरेच उमेदवार आधीच गळतात. तरी उरलेलं काम कुणाच्या हयातीत संपणारं नाही.

ल्यूका यांनी विभाजक शोधणंच सोडलं. त्याऐवजी त्यांनी एक कसोटी काढली, आणि तिला अमेरिकी गणिती लेहमर यांनी १९३० मध्ये नेटकं रूप दिलं. ती ३१ वर, म्हणजे दोनचा पाचवा घात वजा एक यावर, चालवून बघू. सुरुवात ४ पासून. वर्ग करून २ वजा करा: १४. पुन्हा तेच: १९४, त्याला ३१ नं भागून बाकी ८. पुन्हा: ६२, आणि आता बाकी शून्य. घातांक पाच, पायऱ्या तीन, शेवटी शून्य, म्हणून ३१ मूळ. शून्य आलं नसतं, तर मूळ नाही. घातांक १२७ असेल तर पायऱ्या फक्त १२५!

मला यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हे, की ही कसोटी विभाजकांबद्दल चकार शब्द काढत नाही. घातांक ६७ ची संख्या मूळ नाही, हेही ल्यूका यांनी १८७६ मध्येच दाखवलं. तिचे विभाजक, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७, अमेरिकी गणिती फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले १९०३ मध्ये. मधल्या काळात संख्या फुटते एवढं ठाऊक होतं. कुठं फुटते, ते नाही.

२०२४ मध्ये सापडलेल्या ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्येवरही शेवटचं शिक्कामोर्तब याच कसोटीनं झालं.

आता एक साखळी पाहा. दोनचा दुसरा घात वजा एक, ३. तिसरा घात वजा एक, ७. सातवा घात वजा एक, १२७. आणि १२७वा घात वजा एक, ही आपली संख्या. सगळ्या मूळ. हीच संख्या घातांक म्हणून घेतली तर पुढची कडी मूळ असेल का? आजवर कुणालाही सांगता आलेलं नाही. कसोटी तीच चालेल, पण पायऱ्यांचा आकडाच एकोणचाळीस अंकी, आणि एवढ्या पायऱ्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाहीत.